नातीचा फोन कपाटात नको

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

शाळांमधल्या मोबाइलबंदीचे कौतुक कालच्या अंकात वाचले. बंदीला माझा विरोध नाही. पण नातीच्या शाळेत सगळ्यांचे फोन कपाटात ठेवतात. माझ्या नातीचा फोन तिच्यासाठी औषधाच्या बाटलीसारखा आहे, तोही कपाटात?

ती सहावीत आहे, टाइप १ मधुमेह, म्हणजे शरीरात इन्सुलिन जवळपास तयारच होत नाही, ते रोज बाहेरून द्यावे लागते. दंडाच्या मागच्या बाजूला बाटलीच्या झाकणाएवढा सेन्सर, दर १४ दिवसांनी नवा. फोन जवळ नेला की साखरेचा आकडा आणि शेजारी साखर चढतेय की उतरतेय हे सांगणारा बाण दिसतो. आम्ही आधी बाण पाहतो, कारण सेन्सर कातडीखालच्या द्रवातली साखर मोजतो आणि आकडा रक्ताच्या काही मिनिटे मागे असतो.

जूनअखेर शाळा उघडली त्याच आठवड्यात पीटीच्या तासाला तिचे हात थरथरू लागले. उकाड्याने सगळीच मुले घामाघूम, सरांना वाटले ऊन लागले. फोन मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या कपाटात. "जा, घेऊन ये," म्हणून तिला एकटीला दोन जिने चढायला लावले. साखर उतरलेल्या लेकराला चालवायचे नसते हो, गोड त्याच्याजवळ न्यायचे असते! पोर जिन्यातच बसली. शिपाई मावशींचे लक्ष गेले आणि त्यांनी धावत फोन आणला. आकडा ५८, म्हणजे साखर फारच कमी, आणि बाण सरळ खाली. एका बाईंनी मायेने चॉकलेट दिले, पण त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर उशिरा चढते. तीन चमचे ग्लुकोज पाण्यातून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा, असा कागद मी प्रवेशाच्या वेळीच दिला होता. ग्लुकोजचा डबा तिच्या दप्तरात होता.

अशा मुलांना वर्गातही साखर तपासू द्या, इन्सुलिन घेऊ द्या, असे राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने २०२३ मध्येच राज्यांना कळवले आहे. मी ते शाळेत दाखवले, तर "आमच्याकडे असं काही आलं नाही," हे उत्तर. मला वेगळी सोय नको. फोन तिच्याजवळ राहू द्या आणि दोघा शिक्षकांना बाण वाचता येऊ द्या. शिकवायला मी स्वतः येतो.

आणखी एक. त्याच अंकात 'इन्सुलिन कायमचे बंद' अशी जाहिरात होती. टाइप १ मध्ये इन्सुलिन थांबवले तर काही दिवसांत जिवावर बेतते. ती वाचून शेजारचे एक गृहस्थ माझ्या सुनेला म्हणाले, "कशाला टोचता पोरीला?" सून रात्रभर रडली. अशा जाहिराती कृपया घेऊ नका.

एक आजोबा,
मानेवाडा, नागपूर