आम्ही 'अंशतः' जळालो, साहेब!

प्रति,
मा. मदत व पुनर्वसन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : घर जळाले, परंतु भिंती उभ्या राहिल्या, याबाबत.

महोदय,

स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात माझ्या खात्यात सरकारची मदत जमा झाली. 6,500 रुपये. आधी वाटलं, पहिला हप्ता असेल. म्हणून तहसीलला गेले. तिथल्या बाबूंनी कागद काढून दाखवला. आमच्या नावापुढे शेरा होता : 'भिंती सुस्थितीत. घर अंशतः बाधित.' पक्क्या घराची अंशतः पडझड झाली की 6,500, असा निकष आहे म्हणे. पूर्ण घर गेलं असतं तर 1 लाख 20 हजार मिळाले असते. आणि कपड्यांचे 2,500, भांड्यांचे 2,500 हेही 'पूर्ण' वाल्यांनाच. तुमचं घर अंशतः जळालंय, तर भांडी कशी जळतील, असा त्यांचा हिशेब.

मी मराठवाड्यातल्या एका खेड्यात राहते. बारावी शिकलेली आहे, बचत गटाची सचिव आहे, म्हणून चार ओळी लिहिता येतात. आमचं घर सात खणांचं (खण म्हणजे दोन तुळयांमधली जागा) माळवद. तुम्ही शहरातले असाल तर सांगते : दीड-दोन हात जाडीच्या दगडमातीच्या भिंती, वर सागाच्या तुळया, त्यावर फळ्या आणि फळ्यांवर मातीचा थर. असं घर जळतं तेव्हा आधी लाकूड जळतं आणि मग वरची सगळी माती खाली बसते. जे आगीतून वाचलं ते मातीखाली गाडलं जातं. भिंती मात्र राहतात. शंभर वर्षांपूर्वी आजेसासऱ्यांनी बांधलेल्या भिंती आहेत, त्या टेंडर काढून बांधलेल्या नाहीत. त्या पडल्या नाहीत हा त्यांचा गुन्हा, आणि शिक्षा आम्हाला.

आत काय होतं ते पंचनाम्यात 'संसारोपयोगी साहित्य' या दोन शब्दांत बसवलंय. सासूबाईंची लुगडी, दळणाची पिंपं, वर्षाची ज्वारी आणि डाळी, मुलीची दहावी-बारावीची प्रमाणपत्रं, जातीचा दाखला, पोलीस भरतीचा फॉर्म, शिलाई मशीन. ढाळजेत, म्हणजे दारालगतच्या ओसरीत, बचत गटाच्या पैशांचा डबा होता. नोटा जळून काळ्या पापडासारख्या झाल्या. बँकेत नेल्या तर ते म्हणाले, इतक्या जळालेल्या नोटा आमच्याकडे बदलत नाहीत, रिझर्व्ह बँकेच्या कार्यालयात न्या. नागपूर नाही तर मुंबई. तिकिटाचे पैसे नोटांपेक्षा जास्त झाले असते. गटातल्या बायकांनी एक शब्द काढला नाही. पण पैसे त्यांचे होते, आणि दर महिन्याच्या बैठकीत मला मान खाली घालून बसावं लागतं.

आणि कापूस. तीस-पस्तीस क्विंटल असेल, मधल्या दोन खणांत छतापर्यंत रचलेला. तलाठी विचारत होता, राहत्या घरात कापूस कशाला ठेवला? प्रश्न बरोबर आहे, उत्तर तुमच्या सरकारांनी द्यायचंय. लांब धाग्याच्या कापसाला 2025-26 च्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये होता. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राने कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क काढून टाकलं. आधी म्हणाले सप्टेंबरपर्यंत, मग वर्ष संपेपर्यंत वाढवलं. नेमका आमचा माल घरात यायच्या वेळी. आमच्या दारातला व्यापारी सात हजारांच्या खाली मागत होता. सरकारी खरेदीला जायचं तर ॲपवर नोंदणी, मग नंबर, मग ओलावा आठ टक्क्यांच्या आत असेल तर पूर्ण भाव, बाराच्या वर गेला तर गाडी माघारी. मग कापूस कुठे ठेवायचा? गोदाम तालुक्याला, तेही व्यापाऱ्यांच्या मालाने भरलेलं. अर्धं गाव कापसाच्या ढिगाशेजारी झोपतं, साहेब. हौस म्हणून नाही.

त्या कापसाचा एक पैसा मिळाला नाही. शेतात उभं पीक असतं तर नुकसानभरपाई होती. पीक विम्यात काढणीनंतरचं नुकसान धरतात, तेही 14 दिवसांपर्यंत, आणि माल रानात पसरलेला असला तर. घरात आणला की तो ना पीक, ना माल, ना साहित्य. अडीच लाखांचा कापूस कुठल्याच रकान्यात बसेना, म्हणून लिहिलाच नाही.

आता आग कशी लागली ते. संक्रांतीच्या आधीची गोष्ट. संध्याकाळी गावातल्या डीपीचा, म्हणजे घरोघर वीज वाटणाऱ्या ट्रान्सफॉर्मरच्या पेटीचा, न्यूट्रल गेला, म्हणजे दाब सांभाळणारी तार तुटली. तसं झालं की घरात 230 च्या जागी चारशेच्या आसपास दाब येतो, हे मला नंतर इलेक्ट्रिशियनने समजावून सांगितलं. आमच्या आळीत त्या वेळी कुणाचा टीव्ही उडाला, कुणाचे बल्ब फुटले, कुणाचा फ्रीज गेला. आमच्या घरात बोर्डातून ठिणग्या पडल्या, त्या कापसावर. डीपीच्या पेटीला कित्येक वर्षं दार नाही आणि फ्यूजच्या जागी जाड तारा गुंडाळलेल्या आहेत. हे अर्ज देऊन देऊन थकलो. वीज कंपनी काय म्हणते? मीटरच्या पुढचा बिघाड ग्राहकाचा. आळीतल्या सगळ्यांच्या मीटरच्या पुढे एकाच मिनिटाला बिघाड झाला, योगायोग बघा!

चौकशी करा म्हटलं, तर वीज कायदा 2003 मधलं कलम 161 दाखवलं. अपघातात माणूस किंवा जनावर दगावलं, जखमी झालं, तरच ती खबर आणि चौकशी. आमच्या पुतण्याने धुरात शिरून गाय सोडली, वासरू काढलं. सासूबाईंना पाठीवर घेऊन बाहेर आणलं. कुणी मेलं नाही. मेलं असतं तर चौकशी झाली असती आणि 4 लाखही मिळाले असते.

त्याच पोराने गॅसचा सिलिंडरही ओढून बाहेर काढला. नंतर कळलं की गॅस कंपन्यांनी ग्राहकांसाठी विमा काढलेला असतो, सिलिंडरमुळे दुर्घटना झाली तर घराच्या नुकसानीला 2 लाखांपर्यंत मिळतात. म्हणजे पोराने आमचे 2 लाख ओढून अंगणात आणून ठेवले! माणसं वाचवली म्हणून चौकशी नाही, सिलिंडर वाचवला म्हणून विमा नाही, भिंती वाचल्या म्हणून घर नाही. जे जे वाचवलं ते ते तुमच्या कागदांनी आमच्याविरुद्ध मोजलं. पुढच्या वेळी काय करायचं, तेवढं एक परिपत्रक काढा.

बंबाचं सांगते. तो तालुक्याच्या नगरपरिषदेचा. तालुक्यात शंभराच्या वर गावं असतील, बंब एक, आणि त्या रात्री तो दुसऱ्या गावच्या पेटलेल्या गंजीवर गेलेला. शहरात पाच ते सात मिनिटांत आणि खेड्यात वीस मिनिटांत बंब पोचावा असा दंडक आहे. आमच्याकडे तासाभराहून जास्त वेळ गेला. आला तो एका टाकीचं पाणी मारून परत भरायला गेला. त्या पोरांना मी दोष देत नाही, ती जिवावर उदार होऊन आत शिरली. पण राज्यघटना उघडून बघा. बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांचे 18 विषय आहेत, त्यात अग्निशमन आहे. अकराव्या अनुसूचीत पंचायतींचे 29 विषय आहेत. त्यात कुक्कुटपालन आहे, इंधन आणि चारा आहे. म्हणजे पेटणारा माल आमच्याकडे आणि विझवायचं खातं तुमच्याकडे! केंद्राने 2023 मध्ये राज्यांच्या अग्निशमन सेवांसाठी 5,000 कोटींची योजना काढली. त्यातला एखादा बंब आमच्या रस्त्याला लागला असेल तर अजून वाटेत आहे.

विझवलं गावाने. आणि तिथेही काय गंमत! आग विझवायची तर डीपी बंद करायला हवी, आणि डीपी बंद केली की विहिरीवरची मोटार बंद. पाणी दिसतंय, हाताला येत नाही. शेवटी कुणाचं तरी डिझेल इंजिन, कुणाचा ट्रॅक्टरचा टँकर, फवारणीचे पंप, बायकांच्या घागरी. कापसाची आग वरून पाणी मारून विझत नाही. वरचा थर भिजतो आणि आत धुमसत राहतं. ढीग फोडून, कोयत्याने ओढून, मोकळ्यावर पसरवून एकेक गठ्ठा विझवावा लागतो. विझली म्हणून आम्ही टेकलो आणि पहाटे पुन्हा पेटली. असं दोन दिवस. हे कुठल्याही सरकारी भित्तिपत्रकावर लिहिलेलं मी पाहिलं नाही. 14 एप्रिलला अग्निशमन सेवा दिन असतो. 1944 साली मुंबईच्या गोदीत जहाजाचा स्फोट झाला, त्यात 66 जवान गेले, त्यांच्या आठवणीत. यंदा त्या आठवड्यात तालुक्याला शाळेच्या पोरांना बंब दाखवला. आमच्या गावातली पोरंही नेली होती. बंब असा असतो हे त्यांनी उजेडात पहिल्यांदाच पाहिलं.

राख निवायच्या आधी तुमच्या सरकारातले एक मान्यवर येऊन गेले. नाव लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील. सासूबाईंचा हात हातात घेऊन म्हणाले, "आजी, पाडव्याच्या आत घर उभं करून देतो." फोटो निघाला. पाडवा होऊन गेला. आम्ही दिराच्या पत्र्याच्या शेडमध्ये सात माणसं राहतो. त्यांच्या स्वीय सहायकाला फोन लावला की तो आधी विचारतो, कुठली आग?

कागदांचा खेळ तर वेगळाच. मदतीसाठी आधार पाहिजे. आधार डाऊनलोड करायचं तर मोबाइलवर ओटीपी येतो. मोबाइल जळाला. नवीन सिम पाहिजे, तर आधार दाखवा. सातबारा ऑनलाइन निघाला, त्याबद्दल आभार, एवढं एक काम नीट आहे. पण मुलीच्या दुय्यम गुणपत्रिकेला शाळा, मंडळ, प्रतिज्ञापत्र, पोलिसांचा दाखला. पोलीस म्हणतात, कागद 'जळाल्याचा' पुरावा आणा. जळालेल्या कागदाचा पुरावा म्हणून काय आणू? राख आणली असती, पण ती कुणाची हे सिद्ध करायला पुन्हा कागद लागला असता.

21 जून 2012 ला तुमच्या मंत्रालयाला आग लागली होती. चौथ्या मजल्यावर पेटली, वरचे मजले खाक झाले, पाच जण गेले, फायलींचे ढीग जळाले. भिंती तेव्हाही उभ्याच होत्या, साहेब. मग मंत्रालय 'अंशतः बाधित' धरून 6,500 रुपयांत दुरुस्त केलं का? कोट्यवधी घातले. जळालेल्या फायली पुन्हा उभ्या करायला सगळी यंत्रणा कामाला लागली, कुणी मंत्रालयाकडे रहिवासी दाखला मागितला नाही. त्यानंतर 2021 मध्ये भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात दहा तान्ही बाळं गेली, त्याच वर्षी नगरच्या रुग्णालयात अकरा रुग्ण. दर वेळी फायर ऑडिटचे आदेश निघतात. आग प्रतिबंधाचा कायदा राज्यात 2006 सालचा आहे. मोठ्या इमारतींतही तो पाळवत नाही म्हटल्यावर आमच्या डीपीच्या दारापर्यंत कोण येणार?

आम्ही मात्र शिकलो. शिकावंच लागलं. गावातल्या बऱ्याच घरांनी मीटरजवळ आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की पुरवठा तोडणारा खटका, बसवला, जास्त दाब आला तर तोडणारं यंत्रही बसवलं, पदरचे पैसे घालून. बचत गटाने सगळ्या बायकांच्या कागदांचे फोटो काढून प्रत्येकीच्या माहेरी एकेक संच पाठवला. एक टँकर कायम भरलेला ठेवायचा आणि डिझेल इंजिन चालू स्थितीत ठेवायचं, हे ग्रामसभेत ठरलं. कापूस पुढच्या हंगामात राहत्या घरात ठेवायचा नाही असंही ठरलंय. तो कुठे ठेवायचा ते ठरलेलं नाही.

मागायचं काय ते लिहिते, नाहीतर म्हणाल नुसतं रडगाणं. माळवदाचं छप्पर गेलं की घर पूर्ण गेलं, हे निकषात घाला. घरात साठवलेला शेतमाल पंचनाम्यात वजनासह धरा. जळीत कुटुंबाला सगळे दाखले एकाच दिवशी, एकाच टेबलावर द्या, तुमची शिबिरं तशीही होतातच. चार-पाच मोठ्या गावांमागे एक छोटा बंब द्या. आणि डीपीला दार बसवा. दार! त्याला मंत्रिमंडळाची बैठक लागत नसावी.

7-8 जूनला मृग लागतो. त्याआधी निदान दोन खणांवर पत्रे पडले पाहिजेत, नाहीतर ज्या भिंतींनी आमची मदत अडवली त्याही पावसात बसतील. फेरपंचनाम्याचा अर्ज मी दिला आहे. माणूस पाठवणार असाल तर दुपारी चारनंतर पाठवा. सकाळी आम्ही सगळे रानात असतो, आणि 'घर बंद आढळले' असा शेरा मला नकोय.

कळावे,
एक कापूस उत्पादक शेतकरी महिला