'उमेदवार' हा शब्द गाळू नका

महोदय,

आकाशगंगेभोवती नवी बटू दीर्घिका (ताऱ्यांचा छोटासा, अंधुक समूह) सापडल्याची बातमी आली की सोबत सुंदर चित्र असते, पण ती सापडली कशी हे राहूनच जाते. खरी कमाल तिथेच आहे. 'सेग्वे १' या दीर्घिकेचा एकूण प्रकाश जेमतेम काहीशे सूर्यांइतका. छायाचित्रात ती दिसतच नाही. तिचे मोजके तारे आपल्याच आकाशगंगेच्या ताऱ्यांत मिसळून गेलेले. मग संशोधक एक अंतर गृहीत धरतात, तिथल्या जुन्या ताऱ्यांचा रंग आणि तेज यांच्या मेळात बसणारे तारेच निवडतात, आकाशाच्या तुकड्यातुकड्यात ते मोजून आसपासच्या सरासरीशी ताडून पाहतात. अंतर बदलून पुन्हा तेच. इतके तुकडे तपासले की निव्वळ योगायोगानेही कुठेतरी गर्दी दिसणारच. शिवाय फार दूरच्या दीर्घिकाही ताऱ्यांसारख्या भासतात. म्हणूनच ताऱ्यांचे वेग मोजून ते एकाच समूहातले असल्याची खात्री होईपर्यंत अशा गर्दीला दीर्घिका नव्हे, 'उमेदवार' म्हणतात. २०१५ मध्ये डार्क एनर्जी सर्व्हे या आकाश-सर्वेक्षणाच्या माहितीतून पुढे आलेल्या दीर्घिकाही आधी उमेदवारच होत्या. आकाशाचे मोठे सर्वेक्षण करणाऱ्या चिलीतील रुबिन वेधशाळेमुळे अशा बातम्या वाढतील. तेव्हा हा एक शब्द मथळ्यात जरूर ठेवावा, ही कळकळीची विनंती.

– एक खगोलप्रेमी वाचक