परवाना भिंतीवर, गुण मात्र फायलीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हॉटेलात गल्ल्यामागे, गणपतीच्या तसबिरीशेजारी, चौकटीत बसवलेला अन्नसुरक्षेचा परवाना असतो. त्यावरचा १४ आकडी क्रमांक २०२२ पासून बिलावरही छापावा लागतो. त्यातून गिऱ्हाइकाला एवढेच कळते की मालकाने अर्ज केला, शुल्क भरले आणि परवाना मिळाला. आतला भटारखाना कसा आहे, हे दुसऱ्याच कागदावर लिहिलेले असते आणि तो कागद बाहेर येत नाही.

तो कागद म्हणजे अन्न सुरक्षा अधिकाऱ्याची तपासणी सूची. २०११ च्या परवाना व नोंदणी नियमांतल्या अनुसूची ४ वर ती बेतलेली आहे. हॉटेल-खानावळींच्या सूचीत एकूण ११४ गुण असतात. साध्या मुद्द्याला २, तारांकित (म्हणजे तारकेची खूण केलेल्या, जास्त महत्त्वाच्या) मुद्द्याला ४. १०० ते ११४ 'ए प्लस', ९१ ते ९९ 'ए', ८१ ते ९० 'बी' म्हणजे सुधारणा हवी, आणि त्याखाली श्रेणीच नाही. तारांकित मुद्द्यात चूक निघाली तर बेरीज कितीही भरो, निकाल नापास.

या सूचीत जे तपासले जाते ते वातानुकूलित दालनात बसलेल्याला दिसणे शक्यच नाही. उदाहरणार्थ, शिजवलेला जोखमीचा पदार्थ फ्रीजमध्ये ठेवायचा असेल तर तो २ तासांत ६० वरून २१ अंशांवर आणि पुढच्या २ तासांत ५ अंशांवर यायला हवा. वीस लिटरच्या पातेल्यातली ग्रेव्ही तशीच झाकून ठेवली तर तिचा मधला भाग कित्येक तास कोमट राहतो. शिजवताना न मेलेले काही जिवाणूंचे बीजाणू नेमके याच वेळात वाढतात, आणि काहींनी सोडलेले विष पुन्हा उकळूनही जात नाही. उपाय साधा आहे: उथळ ट्रेमध्ये पसरा, मग गार करा. पण ट्रे आणि फ्रीजमधली जागा, दोन्हींची टंचाई असते. तीच गत तळणीच्या तेलाची. तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने त्यात वाढणारी एकूण ध्रुवीय संयुगे २५ टक्क्यांवर गेली की ते वापरता येत नाही, पण भजी खाणाऱ्याला कढईत कितव्या दिवसाचे तेल आहे हे कुठे कळते?

यावर कोणी म्हणेल, एफएसएसएआयची, म्हणजे केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, स्माइलीवाली 'हायजीन रेटिंग' आहेच की. आहे, पण ती ऐच्छिक आहे. मालक स्वतः पुढे येतो आणि ठरलेल्या संस्थेकडून परीक्षण करून घेतो. ज्याच्या मोरीत झुरळे आहेत तो या वाटेला कशाला जाईल? शिवाय हे परीक्षण वेगळे आणि सरकारी तपासणी वेगळी. माझे म्हणणे एवढेच की नवी योजना नको. भरलेली सूची आहे तशी दाखवा. तपासणी आता ऑनलाइन नोंदवली जाते, म्हणजे कारकुनी कामही वाढत नाही. प्राधिकरणाच्या 'फॉसकॉस' या परवान्यांच्या पोर्टलवर परवाना शोधला की नाव, पत्ता आणि परवाना चालू की बंद हे दिसते. त्याच पानावर तपासणीची तारीख, ११४ पैकी गुण, चुकलेले तारांकित मुद्दे आणि फेरतपासणीचा निकाल यावा. आणि तो मराठीत यावा.

नुसते अक्षर मात्र देऊ नका. न्यूयॉर्कमध्ये २०१० पासून दर्शनी काचेवर श्रेणी लावतात. तिथे चुकांचे गुण मोजतात. ० ते १३ ला 'ए', २८ पासून 'सी'. परिणाम असा की बरोबर १३ गुणांवर किंवा त्याच्या जरा अलीकडे थांबलेल्या तपासण्यांची गर्दी तिथल्या आकडेवारीत दिसते. हे कळू शकते, कारण शहराने मूळ नोंदीही खुल्या ठेवल्या आहेत. इंग्लंड आणि वेल्समध्ये ० ते ५ अशी श्रेणी असते. वेल्समध्ये ती दारावर लावणे २०१३ पासून सक्तीचे आहे, इंग्लंडमध्ये अजून नाही. तरी संकेतस्थळावर दोन्हीकडची दिसते. म्हणून स्टिकरपेक्षा संकेतस्थळ आधी.

सर्वांत मोठी अडचण वाटते तिथे नाही, नावात आहे. पाटीवर एक नाव आणि परवाना मालकाच्या किंवा भागीदारी संस्थेच्या नावावर, त्यामुळे पाटीवरचे नाव टाकून शोधले तर काही सापडेलच असे नाही. एकाच स्वयंपाकघरातून चार 'ब्रँड' चालवणाऱ्या क्लाउड किचनचे तर विचारूच नका. म्हणून शोध परवाना क्रमांकाने आणि पत्त्याने व्हावा, आणि परवान्याच्या नोंदीत पाटीवरचे नाव सक्तीने भरून घ्यावे. एफएसएसएआयने २०२५ मध्ये तक्रारीचा क्यूआर कोड दर्शनी भागात लावायला सांगितले. त्याच कोडमधून शेवटचा निकालही उघडावा.

हॉटेलवाल्यांची भीती अगदीच गैर नाही. एका वाईट दिवसाचे गुण वर्षभर चिकटून राहिले तर धंदा बसतो. अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम ३२ च्या सुधारणा नोटिशीत किमान १४ दिवसांची मुदत असतेच. निकालाशेजारी 'मुदत चालू आहे' असे लिहावे, मालकाचे दोन ओळींचे उत्तर छापावे आणि फेरतपासणी मागण्याची सोय ठेवावी. फक्त ती फेरतपासणी कळवून होऊ नये, नाहीतर त्या दिवसापुरत्या टोप्या आणि हातमोजे निघतात.

तोवर माहिती अधिकाराचा रस्ता आहे. शुल्क १० रुपये, मुदत ३० दिवस. अर्जात 'स्वच्छतेची माहिती द्यावी' असे मोघम लिहू नये. परवाना क्रमांक, शेवटच्या तीन तपासण्यांच्या भरलेल्या सूची, कलम ३२ ची नोटीस आणि फेरतपासणीचा अहवाल, असे एकेक कागद नाव घेऊन मागावेत. कामगारांची वैद्यकीय प्रमाणपत्रे मागू नयेत. ती खासगी माहिती म्हणून नाकारली जातात आणि त्यांच्या निमित्ताने बाकीचे कागदही अडतात. तसे झालेच तर अपिलात माहिती अधिकार कायद्याचे कलम १० दाखवावे; नाकारण्याजोगा भाग वगळून उरलेला द्यावाच लागतो.

आपला,
एक वाचक, पुणे