लसीला सुरक्षित सिरिंज, मग औषधाला का नाही?

संपादक महोदय,

आदिवासी भागातील उपकेंद्रांत आरोग्यसेविका म्हणून मी अनेक वर्षे लसीकरण केले. सुरुवातीला काचेच्या सिरिंज आणि सुया स्टोव्हवर उकळून पुन्हा वापराव्या लागत. रॉकेल संपत आले आणि बाहेर बायकांची रांग वाढली, की सुया पुरेशा वेळ उकळल्या की नाही ही शंका मनाला टोचत राही.

जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि यूएनएफपीए (संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या निधी) यांनी १९९९ मध्ये संयुक्त निवेदन काढून २००३ अखेरपर्यंत सर्व देशांनी लसीकरणासाठी केवळ ऑटो डिसेबल, म्हणजे एडी सिरिंज वापराव्यात, असे आवाहन केले. आपल्याकडे त्या काही वर्षांनी पोहोचल्या. या सिरिंजचा दट्ट्या एकदा पूर्ण दाबला की आतच अडकतो. कोणी जोर लावून ओढलाच तर मोडतो. लस भरण्याआधी हवा ओढून कुपीत सोडण्याची आमची जुनी सवय मात्र सोडावी लागली, कारण तेवढ्यानेही सिरिंज वाया जाई. पहिल्या महिन्यात माझ्याही हातून काही गेल्या, पण मनातली ती शंका कायमची गेली. कर्मचारी दमलेला असो, घाईत असो वा साठा संपलेला असो, तीच सिरिंज दुसऱ्या बाळाला टोचणे शक्यच राहिले नाही.

जगात दिल्या जाणाऱ्या इंजेक्शनांत लसीकरणाचा वाटा जेमतेम ५ टक्के आहे आणि सुमारे ९० टक्के इंजेक्शने औषधोपचाराची असतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे जिथे धोका सर्वाधिक, तिथेच हे संरक्षण नाही. २००९ मध्ये गुजरातेतील मोडासा येथे हिपॅटायटिस बीची जीवघेणी साथ पसरली आणि २०१९ मध्ये पाकिस्तानच्या सिंध प्रांतातील रातोदेरो येथे शेकडो मुलांना एचआयव्हीची लागण झाली. दोन्ही ठिकाणी बोट दाखवले गेले ते दवाखान्यांत पुन्हा वापरलेल्या सिरिंजकडे. ज्या गावात ताप आला की ‘सुई द्या’ असाच आग्रह धरला जातो, तिथे हे कधीही घडू शकते, याची मला खरोखर भीती वाटते.

उपचाराच्या इंजेक्शनांसाठीही २०२० पर्यंत पुन्हा न वापरता येणाऱ्या सिरिंजकडे वळावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्येच सांगितले होते. ती मुदत केव्हाच उलटली. निदान राज्याच्या आरोग्य विभागाने आपल्या सर्व प्राथमिक आरोग्य केंद्रांसाठी आणि ग्रामीण रुग्णालयांसाठी यापुढे अशाच सिरिंज खरेदी कराव्यात, त्यांच्यासोबत वापरलेली सुई सिरिंजपासून कापून टाकणारे हब कटरही पुरवावेत आणि खासगी दवाखान्यांनाही त्या बंधनकारक करण्यासाठी ठरावीक मुदत जाहीर करावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका, जि. नंदुरबार