सप्तर्षी आपल्याकडे मावळतात, हे मुलांना सांगावे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

यंदा धनत्रयोदशीच्या रात्री आठच्या सुमारास आमच्या वाड्यातली चार मुले गच्चीवर सप्तर्षी शोधत होती. त्यांच्याजवळच्या पुस्तकात ध्रुवताऱ्याभोवती चार ऋतूंत चार जागी असलेल्या सप्तर्षींची आकृती होती आणि हे तारे कधीच मावळत नाहीत असे तिच्याखाली छापले होते. उत्तरेचे आकाश निरभ्र होते, पण सप्तर्षींपैकी एकही तारा दिसत नव्हता. अर्ध्या तासाने त्यांतली धाकटी मला म्हणाली, "आजी, आम्हाला ओळखताच येत नाहीत." अनेक वर्षे भूगोल शिकवलेल्या माझ्यासारखीला ते ऐकून फार वाईट वाटले, कारण मुलगी बरोबर पाहत होती आणि चूक पुस्तकात होती.

ती आकृती लंडनसारख्या ठिकाणाहून पाहिली तर अचूक आहे. पृथ्वी स्वतःभोवती पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून सगळे तारे पूर्वेकडून पश्चिमेकडे, तासाला १५ अंश या गतीने सरकताना दिसतात आणि त्यांची वर्तुळे ध्रुवबिंदूभोवती, म्हणजे ध्रुवताऱ्याजवळच्या न हलणाऱ्या बिंदूभोवती, पडतात. हा ध्रुवबिंदू क्षितिजापासून किती उंच दिसेल, हे ठिकाणाच्या अक्षांशावर ठरते. लंडनला तो साडेएकावन्न अंशांवर असतो, आमच्या वाईला जेमतेम १८ अंशांवर, म्हणजे हात लांब करून धरलेल्या दोन मुठींच्या उंचीपेक्षाही थोडा खाली. जो तारा ध्रुवबिंदूपासून या उंचीपेक्षा जवळ असतो, तेवढाच न मावळता रात्रभर फिरत राहतो. सप्तर्षींतला ध्रुवाला सर्वांत जवळचा क्रतूसुद्धा सुमारे २८ अंश दूर आहे आणि टोकाचा मरीची ४० अंशांहून अधिक, त्यामुळे महाराष्ट्रात कोठेही, अगदी २१ अंशांवरच्या नागपुरातही, ते सातही तारे मावळतातच. दिवाळीच्या दिवसांत संध्याकाळी त्यांच्याऐवजी ईशान्येला शर्मिष्ठा हा तारकासमूह दिसतो. नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नानासाठी सगळे उठले तेव्हा, पाचच्या सुमारास, मी त्याच मुलांना पुन्हा गच्चीवर नेले आणि ईशान्येला उगवून आलेले सप्तर्षी त्यांनी मोजून घेतले.

आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये हाच विषय मांडताना नावेचा दृष्टान्त दिला. पुढे जाणाऱ्या नावेतल्या माणसाला काठावरच्या अचल वस्तू मागे जाताना दिसतात, तसेच स्थिर तारे लंकेत सरळ पश्चिमेकडे जाताना दिसतात, असे तो म्हणतो. येथे लंका म्हणजे विषुववृत्तावरचे स्थान. तारे कसे सरकताना दिसतात हे सांगताना कोठून पाहायचे हेही सांगावे लागते, याचे भान त्याला होते. आपल्या पुस्तकांतल्या आकृत्यांखाली मात्र अक्षांश क्वचितच छापलेला असतो.

परक्या अक्षांशाचे चित्र गिरवताना आपल्या आकाशात जे खास आहे तेही मुलांपर्यंत पोहोचत नाही. एप्रिलअखेरीस रात्री दहाच्या सुमारास उत्तरेला सप्तर्षी आणि दक्षिणेला क्षितिजालगत त्रिशंकूचा तारकासमूह एकाच वेळी दिसतात. लंडनच्या मुलाला घरून त्रिशंकू कधीच दिसणार नाही, आणि व्याध या रात्रीच्या सर्वांत तेजस्वी ताऱ्याच्या खालोखाल तेजस्वी असलेला अगस्त्यही नाही.

दुसरी गोष्ट रोजच्या चार मिनिटांची. पृथ्वीची ताऱ्यांच्या संदर्भातली एक फेरी २३ तास ५६ मिनिटे आणि ४ सेकंदांत पुरी होते, म्हणून प्रत्येक तारा आदल्या दिवसापेक्षा सुमारे चार मिनिटे लवकर त्याच जागी येतो. याला दुर्बीण लागत नाही. जानेवारी-फेब्रुवारीत गच्चीवर एकाच खुणेवर उभे राहून व्याध पाण्याच्या टाकीच्या कडेआड कधी जातो ती वेळ लिहून ठेवावी. पंधरा दिवसांनी तो जवळपास एक तास आधी लपलेला आढळतो. या चार मिनिटांमुळेच महिन्याला दोन तासांचा फरक पडतो आणि ऋतूगणिक संध्याकाळचे आकाश बदलते. जूनमध्ये 'मृग लागला' असे आपण म्हणतो तेव्हा सूर्यच त्या नक्षत्रात असल्याने मृग रात्री दिसत नाही. तोच मृग मार्गशीर्षात सूर्य मावळताना पूर्वेला उगवतो, आणि महिन्याचे नावही त्या पौर्णिमेला चंद्र ज्या नक्षत्राजवळ असतो त्यावरूनच पडले आहे. पेरणीच्या बोलण्यात नक्षत्रे येणाऱ्या घरांतल्या मुलांना हे शाळेत सहज समजेल.

म्हणून पाठ्यपुस्तके तयार करणाऱ्यांना विनंती, की आकाशाची आकृती १८ ते २० अंश उत्तर अक्षांशासाठी काढावी आणि तो अक्षांश आकृतीखाली छापावा. आपल्या दैनिकात सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा रोज येतात. त्यांच्याशेजारी महिन्यातून एकदा, रात्री आठ वाजता महाराष्ट्रातून दिसणाऱ्या आकाशाचा नकाशा दिलात, तर आमच्या गच्चीवरची मुले पुस्तकाऐवजी तो कापून घेतील.

आपली,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका,
वाई, जि. सातारा