मांसगोळ्यांना कातडी तरी द्या!

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत ते मांसगोळ्या राक्षसांचं कुटुंब येतं ना, आई-बाप-पोरं सगळे नुसते लाल गोळे, कातडी नाही की हाडं नाहीत, ते आमच्याकडे नातवाच्या आधी मी वाचते. मी परळला राहते, शाळेत बायॉलॉजी शिकवायचे, त्यामुळे नुसतं बघून सोडून देता येत नाही.

कातडीशिवाय हे लोक मुंबईत दोन दिवस टिकणार नाहीत. भाजलेल्या पेशंटला आधी सलाईन लावतात ते कशाला, कातडी गेली की अंगातलं पाणी झरत जातं म्हणून, वर इन्फेक्शन वेगळंच. निदान गोगलगायीसारखा बुळबुळीत थर तरी द्या.

हाडं नाहीत ते मात्र चालेल. आपली जीभ, हत्तीची सोंड, ऑक्टोपसचे हात सगळं हाडाशिवायच चालतं, मांस एकीकडून आवळलं की दुसरीकडून लांब होतं, बास. पण तो बापगोळा टॉवरएवढा उभा राहतो ते काही पटत नाही. उंची, रुंदी, जाडी सगळं दुप्पट केलं की वजन आठपट होतं, तो जागेवरच पसरेल. आणि रक्तवाहिनीपासून साधारण ०.१ ते ०.२ मिलिमीटरच्या पलीकडे पेशींना पुरेसा ऑक्सिजन पोचत नाही, म्हणजे एवढ्या मोठ्या गोळ्यात नळ्यांचं जाळं हवंच, नाहीतर आतून सडला समजा.

तुकडा पडला की नवीन पोर, हे आपल्याला नवीन नाही, रक्तबीज होताच की. प्लॅनेरिया नावाचा चपटा किडा खरंच असं करतो, मॉर्गन या शास्त्रज्ञाने १८९८ मध्ये दाखवलं होतं की त्याच्या २७९ व्या भागाएवढ्या तुकड्यातूनसुद्धा अख्खा किडा होतो. पण मग यात आई कोण आणि बाप कोण? सगळा एकच जीव झाला ना!

आणि असा एकच जीव खरोखर आहे, तोही आपल्या रस्त्यांवर. भटक्या कुत्र्यांना टीव्हीटी नावाचा कॅन्सर होतो, कुठल्याही व्हेटला विचारा. हजारो वर्षांपूर्वी एका कुत्र्याच्या अंगात ती गाठ झाली, कुत्रं कधीच मेलं पण पेशी अजून जिवंत आहेत, मुख्यतः समागमातून एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे जातात, आणि गाठीचा डीएनए तपासला तर तो आजारी कुत्र्याचा नाही, त्या जुन्या कुत्र्याचा निघतो. आहे का तुमच्या राक्षसात एवढा दम? (माणसांना त्याचा धोका नाही, उगाच कुत्र्यांना दगड मारत सुटू नका, व्हिन्क्रिस्टिनच्या इंजेक्शनांनी बहुतेक बरी होतात.)

तेव्हा चित्रकारांना सांगा, बापाची उंची कमी करा आणि धाकट्या गोळ्याचे डोळे निळे काढलेत ते बापासारखेच काळे करा.

तुमची एक वाचक,
परळ, मुंबई