आई-बाबा, खोली घेतली आहे

ती. आई-बाबा,
शि. सा. नमस्कार.

समोर बसून सांगायला लागले की आईचे डोळे भरतात आणि माझा धीर सुटतो, म्हणून लिहिते. शाळेच्या गावात खोली घेतली आहे. एक तारखेपासून सोमवार ते शुक्रवार तिथे राहीन. शनिवारी सकाळची शाळा, ती सुटली की दुपारच्या एसटीने घरी.

घरी काही कमी पडलं म्हणून नाही, हे आधी मनातून काढून टाका. शाळेत पहिली आणि दुसरी हे दोन्ही वर्ग एकाच खोलीत माझ्याकडे आहेत. दुसरीला वजाबाकी शिकवताना पहिलीला काय द्यायचं, हे आदल्या संध्याकाळी ठरवून कार्डं काढून ठेवली असतील तरच दिवस सरळ जातो. पण पाचची घंटा झाली की मी गाडी गाठायला धावते. उद्याच्या पाठांचं टाचण मांडीवर वही ठेवून एसटीत. पोषण आहाराचा हिशेब, मुलामागे 100 ग्रॅम तांदूळ आणि उरलेली शिल्लक, तेवढा दुपारीच लिहून होतो. मागे राहतात त्या वर्णनात्मक नोंदी, म्हणजे कोणत्या मुलाला काय आणि कसं जमलं ते. परवा दुसरीतल्या एका मुलीने कुणी न सांगता दशकाचा गठ्ठा सोडला, काड्या सुट्या केल्या आणि हातच्याची वजाबाकी केली. त्याच दिवशी लिहिलं तर हे तिच्या संचिकेत असंच्या असं उतरतं. सत्राच्या शेवटी आठवून लिहिलं तर ‘वजाबाकी करते’ एवढंच उरतं, आणि तेच वाक्य सगळ्यांच्या नावापुढे जातं. माझ्या मुलांचं तसं व्हायला नको आहे मला.

बाबा, इतके दिवस जमलंच ना, असं तुम्ही म्हणाल. शिक्षण हक्क कायद्यातसुद्धा शिक्षकाचे आठवड्याचे 45 तास तयारी धरूनच मोजले आहेत. ती तयारी मला वर्गातच बसून करायची आहे. रोजमेळ जुळल्याशिवाय तुम्ही दुकानातून उठायचा नाहीत, तसंच हे.

खोली स्लॅबची आहे. नळाला सकाळी पाणी येतं, संडास आतच आहे, दाराला दोन कड्या आहेत. घरमालकीणबाई भिंतीपलीकडेच राहतात, भाकरी त्या देणार आहेत. गॅस आहे, म्हणजे चहाची चिंता नाही. आई, तू दिलेली गोधडी नेते आहे.

लहानपणी रात्री तू माझं दप्तर भरायचीस आणि बाबा सगळ्या पेन्सिलींना टोक करून ठेवायचे. माझ्या टेबलावर अजून तशाच पेन्सिली असतात, ज्याची मोडेल त्याला द्यायला.

आता ऐका. गोळ्यांचा डबा वारांप्रमाणे रविवारी मी भरून ठेवीन. बाबा, सकाळची गोळी चुकवायची नाही, आणि चुकली म्हणून नंतर दोन एकदम घ्यायच्या नाहीत. आईने माळ्यावर चढायचं नाही, डबे मी खाली काढून ठेवले आहेत. एक किल्ली काकूंकडे दिली आहे, रागवू नका, माझ्या जिवाला बरं वाटावं म्हणून दिली. रात्री आठला फोन करीन. त्याच्या आत जेवून घ्या, माझ्यासाठी थांबू नका.

आणि आई, शनिवारी माझ्यासाठी वेगळं काही करत बसू नकोस. फार तर थालीपीठ कर.

तुमची,
चिमी